ध्रुपद धरणारे आणि पुढे गाणारे : समूहगायनाच्या नेतृत्वाचे शिक्षण – एक चिकित्सा

गोषवारा : स्वतः उत्तम गाणे आणि अनेकांना गायला लावणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. आपल्या संस्थात्मक संगीतशिक्षणाने पहिल्याची पद्धतशीर सोय केली आणि दुसरे गृहीत धरले. वारकरी भजन-कीर्तन परंपरेत या दुसऱ्या कौशल्याचे एक सुघटित, परंतु अलिखित शिक्षणशास्त्र आढळते. त्या शिक्षणशास्त्राची घटकतत्त्वे कोणती, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमात त्यातील काय स्वीकारता येईल, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : समूहगायन, सहभाग, ध्रुपद, झील, वारकरी भजन, संगीतशिक्षण, सहअभ्यासक्रम.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात समूहाने गाणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. काकड्यापासून हरिपाठापर्यंत, जागर-गोंधळापासून जयंतीच्या मिरवणुकीपर्यंत, जात्यावरच्या ओवीपासून शाळेच्या प्रार्थनेपर्यंत सामान्य माणूस गातच असतो. गाणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी संगीताचे शिक्षण घेतलेले नसते आणि तरीही गाणे उभे राहते. ते उभे राहते याचा अर्थ कोणीतरी ते उभे करते. पट्टी कोणीतरी ठरवते, लय कोणीतरी धरते, विसरलेले चरण कोणीतरी वेळेवर पुरवते आणि कोठे थांबायचे हेही कोणीतरी सुचवते. या ‘कोणीतरी’चे कौशल्य कोणते व ते कसे शिकले जाते, हा प्रश्न आपल्या संगीतविषयक लेखनात क्वचितच विचारला गेला आहे. मराठीतील संगीतसमीक्षा प्राधान्याने मैफलीची समीक्षा राहिली. तिने गवयाची गायकी, घराणे, बंदिश आणि रागविचार यांची सूक्ष्म मीमांसा केली. परंतु जेथे श्रोता आणि गायक हा भेदच पुसट होतो, अशा गायनाकडे तिने लोकसंस्कृतीचा किंवा भक्तीचा विषय म्हणून पाहिले आणि तो प्रांत अन्य अभ्यासकांकडे सोपविला. परिणामी समूहगायनाच्या नेतृत्वाला ‘आवड’, ‘भाव’ किंवा ‘उपजत गळा’ अशी नावे मिळाली. ते शिकवता येण्याजोगे कौशल्य म्हणून त्याचा विचार झाला नाही.

२. संकल्पनात्मक भूमिका

क्रिस्टोफर स्मॉल यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संगीत ही वस्तू नसून कृती आहे, असे प्रतिपादन केले. गाणारा, वाजवणारा, ऐकणारा, नाचणारा, इतकेच नव्हे तर बैठकीची व्यवस्था लावणाराही त्या कृतीत सामील असतो, अशी त्यांची भूमिका होती. थॉमस टुरिनो यांनी २००८ मध्ये या विचाराला अधिक नेमकेपणा दिला. पेरूमधील ऐमारा आणि झिम्बाब्वेमधील शोना समाजांच्या अभ्यासाच्या आधारे त्यांनी सहभागाचे संगीत आणि सादरीकरणाचे संगीत असा भेद केला. सहभागाच्या संगीतात गुणवत्तेची कसोटी किती जण व किती मनापासून सामील झाले ही असते. म्हणूनच अशा संगीतात पुनरावृत्ती भरपूर, रचना आटोपशीर आणि स्वरांचा पोत दाट असतो. नवख्याचा चुकलेला स्वर त्या दाटीत सामावून जातो. ली हिगिन्स यांनी २०१२ मध्ये सामुदायिक संगीतावर लिहिताना नेतृत्वाच्या जागी सुकरता आणि स्वागतशीलता या कल्पनांना महत्त्व दिले.

हा भेद उपयुक्त असला तरी मराठी संदर्भात तो जसाच्या तसा लावता येत नाही. वारकरी कीर्तन हे या दोहोंपैकी कोणत्याही एका कप्प्यात बसत नाही. कीर्तनकार निरूपण करतो तेव्हा समोरचा समाज श्रोता असतो. तोच कीर्तनकार ‘विठ्ठल विठ्ठल’ गजर सुरू करतो तेव्हा क्षणार्धात श्रोता गायक होतो. टाळकरी तर दोन्ही भूमिकांच्या मधोमध उभे असतात. अर्थात, येथील नेतृत्वाची कसोटी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत समाजाला नेण्यात आहे. या संक्रमणाच्या कौशल्याचा विचार टुरिनो यांच्या मांडणीत पुरेसा येत नाही. तो आपल्याला आपल्याच सामग्रीतून करावा लागतो.

३. मागे उभे राहण्याचे शिक्षण

वारकरी परंपरेतील ‘ध्रुपद’ म्हणजे शास्त्रीय संगीतातील गायनप्रकार नव्हे. अभंगाचे जे कडवे पुन्हा पुन्हा घोळवले जाते ते ध्रुपद. आणि पुढे गाणाऱ्याच्या मागे ते उचलणारा तो ध्रुपद धरणारा. तुकारामांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात, आरंभी कीर्तनात पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद आपण धरीत असू, असे नमूद केले आहे. हा उल्लेख सामान्यतः त्यांच्या नम्रतेचा दाखला म्हणून वाचला जातो. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याचा आणखी एक अर्थ निघतो. पुढे गाणारा होण्याचा मार्ग मागे उभे राहण्यातून जातो, हा तो अर्थ. स्वतः तुकारामांच्या मागे चौदा टाळकरी उभे असत, असे परंपरा सांगते. म्हणजे ध्रुपद धरणारा पुढे ध्रुपद धरवणारा झाला.

मागे उभे राहून नेमके काय शिकले जाते? प्रथम, पुढच्याचा श्वास ओळखणे. दुसरे, त्याचे चरण कोठे संपणार हे संपण्यापूर्वी जाणणे. तिसरे, आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळणे. चौथे, पुढचा अडखळला तर गाणे न थांबू देता ते पेलून धरणे. ही चारही कौशल्ये ऐकण्याची आहेत. एकल गायनाच्या तालमीत विद्यार्थी गुरूचे ऐकतो. येथे तो गुरूचे आणि समूहाचे एकाच वेळी ऐकतो. जो अनेक वर्षे मागून ऐकत आला त्यालाच पुढे उभे राहिल्यावर, मागच्यांना कोणते चरण जड जाते, कोठे त्यांचा दम संपतो, हे आपसूक कळते.

या अलिखित शिक्षणाला संस्थात्मक रूप देण्याचा ठळक प्रयत्न विष्णुबुवा जोग (१८६७–१९२०) यांनी १९१७ साली आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्थेची स्थापना करून केला. येथील अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्ञानेश्वरी, गीता व संतांचे अभंग यांच्या अध्ययनाबरोबर पाठांतर आणि गायन-वादनाचा सराव. आणि निर्वाहासाठी माधुकरी. संगीतशिक्षणाच्या इतिहासात या संस्थेची नोंद सहसा घेतली जात नाही, कारण तिचा हेतू गवई घडवण्याचा नव्हता. परंतु समाजाला गायला लावणारी माणसे घडवणारी संस्था म्हणून तिच्याकडे पाहिले, तर ही उपेक्षा समर्थनीय ठरत नाही.

४. कौशल्यांचे घटक

या परंपरेतील नेतृत्वकौशल्याचे विश्लेषण केल्यास पुढील घटक हाती येतात.

पहिला घटक रचनेचा. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे, तर दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. छंद इतका स्थिर असल्यामुळे एक चाल अनेक अभंगांना लावता येते आणि एक अभंग अनेक चालींत म्हणता येतो. नवख्याला दहा-बारा चाली आल्या तरी शेकडो अभंगांत सामील होता येते. मोठ्या अभंगात चौथे चरण आखूड पडते तेथे श्वासाला जागा मिळते आणि मागच्यांना उचलण्याची खूणही. छंदशास्त्राच्या पुस्तकात अक्षरगणना म्हणून शिकवली जाणारी ही गोष्ट वस्तुतः सहभागाची योजना आहे. मराठीचे अध्यापक अभंगाचा छंद फळ्यावर शिकवतात आणि संगीताचे अध्यापक तो राग-तालात बसवतात. छंदामुळे समाज गाऊ कसा शकतो, हा प्रश्न दोन्ही वर्गांच्या बाहेर राहतो.

दुसरा घटक पट्टीचा. एकल गायक आपल्या गळ्याची पट्टी घेतो. समूहाच्या नेत्याला समूहाची पट्टी घ्यावी लागते. पुरुष साधारणपणे काळी एकच्या आसपास आणि स्त्रिया काळी चार ते पाचच्या आसपास सहज गातात. दोघांना एकत्र गायचे असेल तर कोणाची तरी ओढाताण होणार हे उघड आहे. अशा वेळी जाणता भजनी पट्टीपेक्षा आधी चाल बदलतो. ज्या चालीचा विस्तार मध्य सप्तकात षड्जापासून पंचम-धैवतापर्यंतच आहे, ती मिश्र समूहाला पेलते. तार षड्जाच्या पलीकडे जाणारी चाल अर्ध्या समूहाला गप्प करते. वारकरी गायकांची पट्टी चढी असते, याचे कारण ध्वनिक्षेपक नसलेल्या काळातील उघड्या मैदानात शोधावे लागते. तेव्हाची ती गरज होती. आज तीच पट्टी केवळ सवयीने घेतली जाते आणि साधा गळा मागे पडतो.

तिसरा घटक लयीचा. भजनाचा आरंभ ठाय लयीत होतो. मृदंग व टाळ यांच्या आधारे ती हळूहळू चढते आणि गजराला पोहोचते. लय केव्हा वाढवायची याचा निर्णय मृदंग्याच्या हातात असतो असे वाटते. प्रत्यक्षात तो समूहाच्या टाळांतून येतो. टाळ एकसंध पडू लागले, उघडा व दाबलेला आघात सर्वांचा जुळला, की समूह पुढे जाण्यास तयार आहे असे समजावे. टाळ विखुरलेले असताना लय वाढवली तर गाणे पाच-सात तयार लोकांचे होते आणि बाकीचे पाहत राहतात.

चौथा घटक चरण पुरवण्याचा. समूहाला सारे अभंग पाठ नसतात. म्हणून ध्रुपद चालू असतानाच पुढील चरणाचा पहिला शब्द स्पष्ट उच्चारून देणे ही नेत्याची जबाबदारी असते. शब्द फार आधी दिला तर ध्रुपद मोडते, उशिरा दिला तर चरण हुकते. या एका क्षणाच्या अचूकतेसाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

पाचवा घटक सोपवण्याचा. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. पहाऱ्यामागून पहारा ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा परस्परांच्या पाया पडतात. ज्याच्या गळ्यात वीणा तो त्या वेळेपुरता प्रमुख. नेतृत्व हे पद नसून पाळी आहे, हे याहून मूर्त रीतीने शिकवणारी व्यवस्था दाखवणे कठीण आहे. कीर्तनातही मागील टाळकऱ्यांपैकी एखाद्याला चाल म्हणण्याची संधी दिली जाते आणि त्या काळात कीर्तनकार स्वतः थांबतो.

सहावा घटक शांततेचा. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी शिस्तबद्ध रूप दिले. या सोहळ्यात तळावरील समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि हजारोंच्या टाळ-मृदंगांचा घोष थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो आणि मगच पुढचा विधी होतो. समूहाला थांबवण्याचे सामर्थ्य आणि न थांबणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याचे बंधन ही दोन्ही एकाच व्यक्तीकडे आहेत. समूहनेतृत्वाची इतकी नेमकी व्याख्या ग्रंथांतूनही सहसा मिळत नाही.

५. परंपरेच्या मर्यादा

वरील विवेचनावरून परंपरेचे आदर्शीकरण करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळला पाहिजे. एकत्र गाणे म्हणजे समता नव्हे. दिंडीच्या परंपरागत रचनेत पुढे पताकाधारी, नंतर टाळकरी व मृदंगी, त्यानंतर वीणेकरी आणि त्याच्या मागे तुळस घेतलेल्या स्त्रिया असा क्रम असतो. स्त्रिया गातात; मात्र गाण्याची दिशा ठरवणारी जागा त्यांच्या पुढे असते, त्यांच्या हाती नसते. स्त्रियांच्या नेतृत्वाचे संगीत पाहायचे तर जात्याकडे वळावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांचे जे विशाल संकलन केले, त्याची व्याप्ती एक लाखाहून अधिक ओव्यांची आहे. जात्यावर एक ओवी उचलते, दुसरी ती पुढे नेते. तेथे वीणाही नाही आणि चोपही नाही. पिठाच्या गिरण्यांनी हे शिक्षण संपवले आणि त्याची जागा घेणारे काही आपण उभे केले नाही. गावोगावची महिला भजनी मंडळे हा त्याचा आजचा अवशेष आणि नवा आरंभ दोन्ही आहे. त्यांच्याकडे संगीतशिक्षणाच्या दृष्टीने पाहिले गेलेले नाही.

जातीचा प्रश्न याहून कठोर आहे. ज्या चोखोबांचे अभंग सारा समाज गातो, त्यांच्या समाजाला विठ्ठलाचे मंदिर शतकानुशतके बंद होते. ते उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवलेला अनुभवही सुपरिचित आहे. एकाच वाटेने अभंग म्हणत चालणाऱ्या एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांच्या पंगती वेगळ्या होत्या. गाण्याने जे जोडले ते जेवणाने पुन्हा वेगळे केले. याचा अर्थ गाणे निष्फळ होते असा नाही. समूहगायन हे समतेचे साधन होऊ शकते, तिचा पुरावा मात्र ते नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. समूहगायनाच्या नेत्याला हे भान नसेल तर त्याचे कौशल्य विषमतेवरचा गोड मुलामा ठरते.

तिसरी मर्यादा नव्या काळाची आहे. ध्वनिक्षेपकाने गायकाचा आवाज दूर पोहोचवला, पण मागच्याला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा केला. प्रस्तुत लेखकाने ग्रामीण भागातील सप्ताहांत वारंवार पाहिले आहे की, वीज गेली की गाणे वाढते. ध्वनिक्षेपक सुरू असताना तोंडातल्या तोंडात म्हणणारी माणसे तो बंद पडताच मोकळेपणाने गाऊ लागतात, कारण आता त्यांच्या आवाजाची गरज असते. दृक्-श्राव्य माध्यमांमुळे कीर्तनकाराची कीर्ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. त्याबरोबर कीर्तन हे सादरीकरणाकडे झुकले. टाळकरी पार्श्वभूमी बनले. परंपरेचे आजचे रूपच तिच्या मूळ शिक्षणशास्त्राशी विसंगत होऊ लागले आहे, हे नोंदवणे आवश्यक आहे.

६. संस्थात्मक संगीतशिक्षण : गृहीत आणि उणीव

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा संगीत सामान्य घरापर्यंत नेणे हा त्यांचा हेतू होता. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी हजारो विद्यार्थी घडवले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु परीक्षेच्या रचनेकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवेशिकेपासून अलंकारपर्यंत विद्यार्थी परीक्षकासमोर एकटा बसतो. त्याचे स्वरज्ञान, तालज्ञान, रागविस्तार व शास्त्र तपासले जाते. तो वीस अप्रशिक्षित माणसांना एक भजन शिकवू शकतो का, हे कोठेही तपासले जात नाही. संगीत विशारद झालेला शिक्षक शाळेत रुजू होतो तेव्हा त्याच्यापुढे वर्गात साठ मुले असतात आणि नेमक्या त्याच कामाचे शिक्षण त्याला मिळालेले नसते.

याच परंपरेत एक वेगळे उदाहरणही आहे आणि ते विसरले गेले आहे. पलुस्करांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे हे साबरमती आश्रमात गेले. तेथे त्यांनी आश्रमीयांची प्रार्थना सांभाळली, निरनिराळ्या भाषांतील भजनांचा संग्रह ‘आश्रम भजनावली’ म्हणून सिद्ध केला आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते पदयात्री म्हणून चालले. शास्त्रोक्त तालीम घेतलेला गवई अप्रशिक्षितांना गायला लावण्याचे काम आयुष्यकार्य म्हणून स्वीकारतो, ही घटना आपल्या संगीतशिक्षणाच्या इतिहासात मध्यवर्ती ठरायला हवी होती. ती तळटीप राहिली, कारण मैफल हीच आपली गुणवत्तेची मोजपट्टी होती.

महाविद्यालयीन पातळीवर चित्र वेगळे नाही. युवक महोत्सवांतील समूहगान स्पर्धा हा समूहगायनाचा अधिकृत प्रकार. सहा निवडक गळे, मोजके साथीदार, ठरावीक मिनिटे आणि परीक्षकांसमोर सादरीकरण. महाविद्यालयातील दोन-तीन हजार विद्यार्थ्यांतून सहा निवडणे म्हणजे उरलेल्या सर्वांना ‘तुम्ही गाऊ नका’ असे सांगणे होय. स्पर्धेला विरोध करण्याचे कारण नाही. तिच्यातून चांगले गायक पुढे येतात. मात्र तिला समूहगायनाचे शिक्षण समजणे ही संकल्पनात्मक गफलत आहे. समूहाचा आकार लहान करून गुणवत्ता वाढवणे आणि समूह वाढवूनही गाणे टिकवणे, या परस्परविरुद्ध दिशा आहेत.

७. एक आक्षेप आणि त्याचा विचार

येथे असा आक्षेप संभवतो की, वारकऱ्याचे गाणे त्याच्या निष्ठेतून येते. निष्ठा वगळून केवळ कौशल्य उचलणे म्हणजे फूल सोडून सुगंध मागणे होय. शिवाय सर्वधर्मीय विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात भजनपरंपरेचा आधार घेणे कितपत उचित, हाही प्रश्न आहे.

आक्षेपाचा पहिला भाग अंशतः मान्य करावा लागतो. गाण्याचे प्रयोजन नसेल तर कौशल्य कोरडे राहते. मात्र प्रयोजन एकच असते असे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरी येथील गुरुकुंज आश्रमातून सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला तेव्हा खंजिरी आणि भजन ही साधने तीच होती. प्रयोजन ग्रामसुधारणेपर्यंत विस्तारले होते. याहून महत्त्वाचा पुरावा जलशांचा आहे. सत्यशोधक जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे यांनी भक्तीचे प्रयोजन बाजूला ठेवून प्रबोधनाचे प्रयोजन स्वीकारले. पण शाहिराच्या मागे झील धरणारे झीलकरी तेथेही होते. झीलकरी आणि ध्रुपद धरणारा यांचे कार्य रचनेच्या दृष्टीने एकच : पुढच्याचा शब्द उचलणे, त्याला दम देणे आणि समोरच्या समाजाला त्यात ओढणे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते गावोगावच्या गायन पार्ट्यांनी व वस्त्यांनी आपली केली, त्यामागे शब्दांची ताकद तर आहेच. झील सहज उचलता येईल अशी बांधणीही आहे. एकच कौशल्य दोन अत्यंत भिन्न, प्रसंगी परस्परांना प्रश्न विचारणाऱ्या परंपरांत आढळते. यावरून ते कौशल्य कोणत्याही एका श्रद्धेची मालमत्ता नाही, हे सिद्ध होते. म्हणून अभ्यासक्रमात वारकरी भजन, जलसा, जात्यावरची ओवी ही सारी उदाहरणे शेजारी शेजारी ठेवावीत आणि कोणत्याही एका उपासनेची सक्ती नसावी, हेच आक्षेपाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर होय.

८. अभ्यासक्रमाची दिशा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांच्या आराखड्यात सहअभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली आणि समुदाय-सहभाग प्रकल्प यांना श्रेयांक मिळाले आहेत. अनेक महाविद्यालयांत या श्रेयांकांची पूर्तता टिपणे आणि बहुपर्यायी प्रश्नांनी होते. समूहगायनाच्या नेतृत्वाचा दोन श्रेयांकांचा, साठ तासांचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम या जागी सहज बसू शकतो. त्यासाठी स्वतंत्र संगीत विभागाची गरज नाही. मराठीचा अध्यापक, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आणि परिसरातील एखादे भजनी मंडळ वा गायन पार्टी यांच्या सहकार्याने तो चालू शकतो.

त्याची रचना परंपरेच्या क्रमानेच असावी. पहिल्या टप्प्यात, म्हणजे सुमारे वीस तासांत, विद्यार्थ्याने कोणाच्या तरी मागे ध्रुपद वा झील धरावी. पुढे गाण्याची परवानगी नसावी. दुसऱ्या टप्प्यात त्याने मिश्र समूहासाठी पट्टी व चाल निवडावी, लय धरावी आणि चरण पुरवावे. तिसऱ्या टप्प्यात त्याने महाविद्यालयाबाहेर, एखाद्या वस्तीत, वृद्धाश्रमात किंवा प्राथमिक शाळेत, गाणे न शिकलेल्या समूहाला एक गीत शिकवावे. विद्यार्थिनींना तिन्ही टप्प्यांत पुढे उभे राहण्याची समान पाळी मिळेल, याची नोंद ठेवावी. ध्वनिक्षेपक पूर्णतः वर्ज्य असावा.

मूल्यमापनाची कसोटी साधी असावी. विद्यार्थी-नेत्याने गाणे चालू असताना गप्प व्हावे. त्यानंतर समूह किती आवर्तने त्याच लयीत, त्याच पट्टीत गात राहिला, हे परीक्षकाने पाहावे. ज्याच्या थांबण्याने गाणे थांबते तो गायक असेल, समूहाचा नेता नव्हे. या कसोटीत गोड गळ्याला वेगळे गुण नाहीत आणि ज्याचा गळा सामान्य आहे पण कान जागा आहे असा विद्यार्थी तीत अव्वल ठरू शकतो. आजवर संगीताच्या दारातून परत पाठवलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

या प्रस्तावातील एक धोका ओळखून ठेवला पाहिजे. भजनी मंडळातील वा गायन पार्टीतील जाणकाराला महाविद्यालयात बोलावताना त्याची भूमिका ‘सत्कारमूर्ती’ची होऊ नये. शाल-श्रीफळ देऊन निरोप देणे सोपे असते. त्याला मानधन, तासिका आणि मूल्यमापनात मत मिळाले पाहिजे. अन्यथा ज्यांनी हे ज्ञान सांभाळले त्यांच्याकडून ते घेऊन आपण त्यावर श्रेयांकांचा शिक्का मारू, इतकेच होईल.

९. समारोप

प्रस्तुत विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. समूहगायनाचे नेतृत्व हे उपजत वरदान नसून रचना, पट्टी, लय, चरण पुरवणे, सोपवणे आणि थांबवणे अशा ओळखता व शिकवता येणाऱ्या घटकांचे कौशल्य आहे. वारकरी आणि जलसा परंपरांनी या कौशल्याचे जतन केले. परंतु स्त्रियांना मिळालेली दुय्यम जागा, जातीची विषमता आणि ध्वनिक्षेपकाचे आक्रमण यांमुळे त्या परंपरा जशाच्या तशा अनुकरणीय नाहीत. आणि आपल्या संगीतशिक्षणाने गायक घडवताना गाणारा समाज घडवण्याचे काम दुर्लक्षिले. ज्या गावात आज भजनाला वीणा घेणारा तरुण मिळत नाही, त्याच गावातील तरुण महाविद्यालयात भारतीय ज्ञानप्रणालीचे श्रेयांक मिळवतो आहे. ही विसंगती दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्यासाठी नवे धोरण नको, नवा निधीही फारसा नको. अध्यापकाने काही काळ पुढे गाणे थांबवून ध्रुपद धरायला उभे राहणे तेवढे आवश्यक आहे.